लाल डगला, पिवळा डगला आणि खाकी : सैनिकांचे गणवेश एके काळी भडक का होते?

प्रस्तावना

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ एक खडकाळ टेकाड आहे. त्याला ‘ब्यूगल रॉक’ म्हणतात. या खडकावर पहारेकरी उभा राहत असे आणि बिगूल वाजवून गावाला इशारा देत असे, अशी स्थानिक परंपरा आहे. आजूबाजूची आजची वस्ती नंतरची, म्हणजे १८९८ च्या प्लेगनंतर आखलेली; पण खडकाच्या नावात जुनी लष्करी आठवण टिकून राहिली आहे.

बिगूल शत्रूलाही ऐकू जातो. तरीही तो वाजवतात, कारण तो आपल्या माणसांसाठी असतो. शत्रूला आपला पत्ता लागेल हे नुकसान आहे, पण आपली माणसे वेळेवर सावध होतील हा फायदा त्याहून मोठा आहे. सैनिकांच्या भडक गणवेशाचे कोडे सोडवताना हाच हिशेब उपयोगी पडतो. रंग शत्रूला दिसत होता हे खरे. पण तो मुळात आपल्या लोकांना दिसावा म्हणून होता. हे ‘आपले लोक’ म्हणजे कोण, आणि त्यांना तो रंग का दिसायला हवा होता, हे आपण या पाठात पाहणार आहोत. उदाहरणे मुख्यतः कर्नाटक आणि मराठी फौजांच्या इतिहासातून घेतली आहेत.

१. प्रश्न नीट मांडू

आजचा सैनिक झाडीत, वाळूत, बर्फात मिसळून जाईल असे कपडे घालतो. त्यामुळे अठराव्या शतकातला लाल डगला पाहिला की आपल्याला वाटते, त्या काळच्या सेनापतींना लपण्याचे महत्त्व कळत नव्हते. हा समज चुकीचा आहे. लपण्याचे महत्त्व त्यांना पुरेपूर ठाऊक होते. ब्रिटिश सैन्यात १८०० साली रायफलधारी तुकडी उभी राहिली, तेव्हा तिला लाल नव्हे, गडद हिरवा गणवेश दिला गेला. जर्मन प्रदेशांतल्या ‘येगर’ म्हणजे शिकारी तुकड्याही हिरव्याच कपड्यांत असत. हे सैनिक एकेकटे, आडोशाने, नेम धरून लढत. म्हणजे एकाच सैन्यात, एकाच काळी, काही सैनिक लपत होते आणि काही मुद्दाम उठून दिसत होते. तेव्हा प्रश्न अज्ञानाचा नाही. बहुसंख्य सैनिकांनी उठून दिसणे का सोयीचे होते, हा खरा प्रश्न आहे.

२. धुरातले रणांगण

या प्रश्नाचे पहिले उत्तर बंदुकीत आणि बंदुकीच्या दारूत आहे.

अठराव्या शतकातल्या पायदळाची बंदूक ठासणीची होती. नळी आतून गुळगुळीत, गोळी थोडी सैल. शंभर-एक मीटरच्या पलीकडे एखाद्या माणसावर नेम धरून त्याला टिपणे हा बहुतांशी नशिबाचा भाग होता. चांगला शिकवलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढी. अशा हत्याराचा उपयोग एकच : शेकडो माणसे रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी करायची आणि एका हुकमावर एकदम बार उडवायचे. एकट्याचा नेम चुकतो, पण रांगेचा मारा वाया जात नाही. आता जी रांग शंभर पावलांवर उघड्या मैदानात उभी आहे, ती लाल कपड्यांत असली काय आणि मातकट कपड्यांत असली काय, शत्रूला ती दिसणारच. लपण्याचा फायदाच उरलेला नसेल, तर लपण्यासाठी रंग कोण निवडेल?

दुसरी गोष्ट धुराची. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात बाहेर पडतो. तोच तो दाट पांढरा धूर. हजार बंदुका आणि पाच-पन्नास तोफा उडू लागल्या की थोड्या वेळात रणांगण झाकोळून जाई. वारा नसेल तर धूर जागचा हलत नसे. सेनापती टेकडीवरून पाहतो आहे. त्याच्या हातात बिनतारी यंत्र नाही. डावी फळी पुढे गेली की मागे हटली, समोरची तुकडी आपली की परकी, हे त्याला धुराच्या फटींतून ओळखायचे आहे. तिथे लाल, निळा, पांढरा असे ठसठशीत रंगच कामाला येत. निशाणे, ढोल, बिगूल आणि गणवेशाचा रंग ही त्या काळची संदेशयंत्रणा होती.

रंग सारखे असले की काय होई, याचे उदाहरण वॉटर्लूचे आहे. १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी प्रशियन फौज मदतीला पोचली, तेव्हा तिने वेलिंग्टनच्या बाजूने लढणाऱ्या नासाऊच्या सैनिकांवरच गोळ्या झाडल्या. त्यांचा वेश फ्रेंचांसारखा दिसत होता.

३. मे १७९१ : मित्र की शत्रू?

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि त्यात मराठी फौजच आहे.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम हे टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र आले. लॉर्ड कॉर्नवॉलिस ५ मार्च १७९१ रोजी बेंगळुरूसमोर आला. ७ मार्चला त्याने पेठ घेतली. या चढाईत मद्रास तोफखान्याचा लेफ्टनंट कर्नल मूरहाऊस मारला गेला. २१ मार्चच्या चांदण्या रात्री किल्ल्यावर हल्ला झाला. किल्लेदार बहादूर खान लढता लढता पडला आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. बसवनगुडीपासून हा किल्ला अडीच-तीन किलोमीटरवर आहे. त्याचा उरलेला भाग आज कृष्णराजेंद्र मार्केटजवळ पाहता येतो. रात्रीच्या अशा हल्ल्यात रंगाचा उपयोग जवळजवळ नसतो; तिथे आरोळी, ढोल आणि ओळखीचा आवाज यांवरच भिस्त असते.

त्याच वेळी उत्तरेकडे परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडला वेढा घालून बसली होती. तिच्यासोबत कॅप्टन लिटलच्या हाताखाली मुंबई सैन्याची लाल डगल्यातली तुकडी होती. धारवाड पडल्यावर परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांच्या फौजा दक्षिणेकडे निघाल्या. पण टिपूच्या हलक्या स्वारांनी मधल्या वाटा इतक्या घट्ट रोखल्या होत्या, की मराठी फौज किती जवळ आली आहे याची खबरच कॉर्नवॉलिसला मिळेना.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला. १५ मे रोजी अरिकेरे येथे त्याने लढाई जिंकलीही. पण धान्य संपले, बैल मेले, पाऊस सुरू झाला. शेवटी वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. २६ मे रोजी उपाशी आणि थकलेले सैन्य परतीच्या वाटेवर थोडेच पुढे सरकले होते, तोच बुणग्यांच्या बाजूला दोनेक हजार घोडेस्वार दिसले. ते टिपूचेच स्वार असणार, असे समजून इंग्रज अधिकाऱ्यांनी लढण्याची तयारी केली. तेवढ्यात त्यांतल्या एका स्वाराने ओरडून सांगितले, की आम्ही मराठे आहोत. ती मराठी फौजेची आघाडी होती.

त्यानंतर मराठी छावणीच्या बाजारातून इंग्रज सैन्याला धान्य मिळाले आणि ते उपासमारीतून वाचले. पण क्षणभर थांबून विचार करा. दोन मित्रसैन्ये एकमेकांवर तुटून पडण्याच्या बेतात होती, आणि हा अनर्थ एका माणसाच्या आवाजामुळे टळला. मराठा स्वार आणि म्हैसूरचा स्वार यांना दुरून वेगळे ओळखता येत नव्हते. मराठ्यांना मात्र समोरची लाल रांग कोणाची, हे ओळखायला काहीच अडचण नव्हती.

४. मराठी फौजेला एकसारखा गणवेश का नव्हता?

यावरून मराठ्यांना गणवेशाची अक्कल नव्हती असा निष्कर्ष काढणे हीसुद्धा घाईच ठरेल. लढण्याची पद्धत आणि फौज पोसण्याची पद्धत, या दोन्हींत याचे उत्तर आहे.

मराठी फौजेचा कणा घोडदळ होते. त्यात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. शिलेदार हा एक प्रकारे आपले भांडवल घेऊन येणारा माणूस. त्याचे कपडेही त्याचेच. दरबार त्याला तनखा देई; अंगरख्याचा रंग ठरवून देणे दरबाराच्या कामात बसत नव्हते. शिवाय वेगाने येणे, रसद तोडणे, पांगणे, पुन्हा एकत्र होणे या युद्धपद्धतीत सरळ रांग नव्हतीच. एकत्र जमण्याची खूण म्हणून सरदाराचे निशाण पुरे होई. भगवा झेंडा आणि जरीपटका यांना जो मान होता, त्यामागे श्रद्धा होती तशी ही व्यावहारिक गरजही होती. जरीपटका दिसतो आहे तोवर फौज उभी आहे, हे प्रत्येक स्वाराला कळत असे.

जिथे मराठी सत्तांनी पाश्चात्य धर्तीची कवायती पायदळे उभी केली, तिथे चित्र बदलले. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी, म्हणजे ‘कंपू’, तयार करून घेतले. सरकारी बंदूक, सरकारी कवायत आणि ठरावीक पगार आला, की ठरावीक पोशाखही पाठोपाठ येतो. टिपूच्या पायदळाचेही तसेच. त्याच्या शिपायांच्या कपड्यांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असे. वाघ हे टिपूच्या राजसत्तेचे चिन्ह होते. तेच त्याच्या सिंहासनावर होते आणि हत्यारांवरही. म्हणजे शिपाई राज्याचे चिन्ह अंगावर वागवत होता.

याच काळातला एक पिवळा डगलाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जेम्स स्किनर हा दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतला अधिकारी. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाल्यावर त्याला ती चाकरी सोडावी लागली, आणि त्याने कंपनीसाठी घोडदळ उभे केले. त्यांच्या पिवळ्या अंगरख्यांवरून त्यांना ‘यलो बॉइज’ म्हणत. ‘स्किनर्स हॉर्स’ या नावाने ही पलटण आजच्या भारतीय सैन्यात आहे. तलवार आणि भाल्याने लढणाऱ्या घोडदळाला आडोशाचा उपयोग नव्हता. समोरच्याच्या उरात धडकी भरवणारा, एकसारख्या रंगाचा लोंढा हेच त्याचे हत्यार होते.

५. रंग, कापड आणि सरकारी तिजोरी

मग कोणत्या राज्याने कोणता रंग घ्यायचा? इथे शौर्याच्या कथांपेक्षा रंगाऱ्याची भट्टी आणि खजिनदाराची वही जास्त माहिती देते.

इंग्लंडमध्ये १६४५ साली संसदेच्या नव्या सैन्याला लाल डगले मिळाले. रक्त दिसू नये म्हणून लाल रंग निवडला, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण ती टिकत नाही. वाळलेले रक्त लाल कापडावर काळपट दिसतेच, आणि सैनिकांच्या विजारी तर बहुधा पांढऱ्या असत. मुख्य कारण साधे होते : मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून मिळणारा लाल रंग स्वस्त होता आणि भरपूर मिळत होता. अधिकाऱ्यांचा झळाळता किरमिजी रंग मात्र कोचिनील नावाच्या किड्यापासून काढत आणि तो महाग असे. दुरून सगळे लाल. जवळ गेल्यावर रंगाच्या छटेवरून हुद्दा कळे. पुढे भारतातल्या लाखेपासून काढलेला रंगही इंग्रजांनी सैनिकी कापडासाठी वापरला.

ऑस्ट्रियाने बराच काळ पांढरा वेश ठेवला; न रंगवलेले कापड स्वस्त पडते. फ्रान्सचा निळा रंग निळीवर अवलंबून होता. इंग्रजी आरमाराशी झालेल्या झगड्यात समुद्रमार्गे येणारी नीळ दुर्मिळ झाली, तेव्हा नेपोलियनने १८०६ साली पायदळाला पुन्हा पांढरे कपडे देण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी तो मागे घेतला.

हजारो माणसांना एका रंगाचे कापड पुरवायचे तर कंत्राटे लागतात, मोजमापे लागतात, हिशेब लागतो. म्हणून एकसारखा गणवेश हे केंद्रित राज्ययंत्रणेचे लक्षण मानले जाते. ज्या राज्याला आपल्या सैन्याला कपडे घालता येतात, त्याला त्याची हजेरीही घेता येते. पळून गेलेला शिपाई भडक डगल्यामुळे गावात चटकन ओळखू येई, हाही त्यातला एक फायदा. रंग शत्रूपासून वाचवण्यासाठी नव्हता, तसा तो शिपायाला धरून ठेवण्यासाठी होता.

६. गणवेश घालणाऱ्याचे काय? वेल्लोर, १८०६

आतापर्यंत आपण सेनापती आणि खजिनदार यांच्या नजरेने पाहिले. ज्याच्या अंगावर तो डगला होता, त्याला काय वाटत होते?

कंपनीचा भारतीय शिपाई लाल डगला घाली. त्यातून त्याला मान मिळे, पगाराची हमी मिळे. पण डोक्यावर काय आणि कपाळावर काय, ही त्याच्या घराची, जातीची, धर्माची बाब होती. मद्रास सैन्याचा सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या कारकिर्दीत नवे नियम आले : नव्या घाटाचे शिरोवेष्टन, त्यावर चामड्याचा तुरा, कवायतीच्या वेळी कपाळावर गंध-भस्म नको, कानात बाळ्या नकोत, दाढी-मिशा ठरावीक पद्धतीने राखायच्या. ज्यांनी नकार दिला त्यांना फटके मारले गेले. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यातले शिपाई उठले. त्याच किल्ल्यात टिपूचे कुटुंब नजरकैदेत होते, आणि उठावात म्हैसूरचे व्याघ्रचिन्हांकित निशाण किल्ल्यावर चढले. अर्काटहून आलेल्या घोडदळाने त्याच दिवशी उठाव चिरडला. शेकडो शिपाई मारले गेले. पुढे नवे शिरोवेष्टन मागे घेतले गेले, आणि १८०७ मध्ये गव्हर्नर बेंटिंक व सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही परत बोलावण्यात आले.

वेल्लोरची कारणे केवळ पगडीत शोधता येणार नाहीत. टिपूच्या राज्याचा अस्त होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. गणवेश म्हणजे राज्याने माणसाच्या शरीरावर सांगितलेला हक्क. शिपायाने लाल रंग स्वीकारला होता. कपाळ आणि डोके द्यायला तो तयार नव्हता. तीन वर्षांनी, १८०९ साली, कंपनीने बेंगळुरूला मोठी छावणी वसवली. तिथल्या मैदानांवर जी कवायत चाले, तिला वेल्लोरची ही पार्श्वभूमी होती.

७. खाकी : धूर जाण्याआधीच

अनेक पुस्तकांत सरळ सूत्र असते : धूरविरहित दारू आली, म्हणून भडक रंग गेले. भारताचा इतिहास या सूत्राला दुरुस्ती सुचवतो.

१८४६ साली हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे ‘गाइड्स’ ही तुकडी उभी केली आणि तिला मातकट रंगाचे सैलसर कपडे दिले. ‘खाक’ म्हणजे धूळ; त्यावरून खाकी. तेव्हा धूरविरहित दारू अस्तित्वातच नव्हती. पण सरहद्दीच्या डोंगरांत रांगा करून लढाई होत नव्हती. लांब पल्ल्याच्या जेझैल बंदुका घेऊन पठाण खडकाआडून नेम धरत. तिथे उठून दिसण्याचा फायदा संपला आणि तोटा उरला. १८५७ मध्ये उन्हाळ्यात लढणाऱ्या अनेक ब्रिटिश पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, कॉफी आणि चिखलात बुडवून मातकट केले. खाकी कापडाच्या इतिहासात मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकाम कारखान्याचेही नाव घेतले जाते.

यानंतर तंत्रज्ञानाने उरलेले काम केले. १८५० च्या दशकात आतून आटे पाडलेल्या बंदुकांनी नेमाचा पल्ला काही पटींनी वाढवला. १८८४ साली पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू बनवली, आणि १८८६ साली फ्रान्सने ती वापरणारी लेबेल रायफल आणली. आता मैदान स्वच्छ दिसू लागले आणि गोळी कुठून आली हे मात्र कळेना. भारतात खाकीचा सार्वत्रिक वापर १८८५ च्या सुमारास सुरू झाला, ब्रिटनबाहेरच्या सर्व ब्रिटिश सैन्याला ती १८९७ पासून लागू झाली, आणि बोअर युद्धाच्या अनुभवानंतर १९०२ मध्ये ती मायदेशातही आली. १९१८ साली हैफा येथे लढलेले म्हैसूर लान्सर्स खाकीतच होते.

८. रंग सोडायला उशीर झाला तर

फ्रान्सने मात्र लाल विजार सोडली नाही. ती राष्ट्राची ओळख आहे, असे तिथल्या राजकारण्यांना आणि वृत्तपत्रांना वाटत होते. गंमत अशी, की त्या लाल रंगासाठी पूर्वी फ्रान्समध्ये पिकणारी वनस्पती कृत्रिम रंगापुढे टिकली नव्हती आणि तो कृत्रिम रंग जर्मन कारखान्यांत तयार होत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ निळा डगला आणि लाल विजार घालून जर्मन मशीनगन व तोफांसमोर गेले. २२ ऑगस्ट या एका दिवशी सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले. या संहाराला केवळ विजार कारण नव्हती. उघड्या मैदानातून चाल करून जाण्याचे डावपेच अधिक जबाबदार होते. पण दोन्हींच्या मुळाशी एकच चूक होती : ज्या रणांगणासाठी तो रंग आणि ती चाल तयार झाली होती, ते रणांगण उरले नव्हते. १९१५ मध्ये फिकट निळा वेश सर्वत्र आला.

समारोप

भडक गणवेश ही मूर्खपणाची किंवा केवळ डामडौलाची खूण नव्हती. कमी पल्ल्याची बंदूक, दाट धूर, रांगेची लढाई आणि कापड पुरवू शकणारे राज्य, या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा तो रंग शहाणपणाचा होता. सेनापतीला त्यातून फौज दिसे, शिपायाला सोबती दिसे आणि राज्याला शिपाई दिसे. यांतली जी अट नसेल तिथे, म्हणजे मराठी घोडदळात किंवा सरहद्दीच्या डोंगरात, तो रंगही नव्हता. अटी बदलल्या तेव्हा तो गेला, आणि जिथे तो हट्टाने टिकवला तिथे त्याची किंमत माणसांनी मोजली.

रंग पूर्णपणे मात्र गेला नाही. आपल्या माणसाची ओळख पटवण्याची गरज शिल्लक आहे. बेंगळुरूत पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या जवानाचा लढण्याचा पोशाख झाडीत मिसळणारा असतो, आणि संचलनात मात्र डोक्यावर किरमिजी टोपी दुरूनही ओळखू येते. बिगूलही छावणीत अजून वाजतो. रणांगणावरून संचलनाच्या मैदानावर आले, तरी रंग आणि बिगूल आजही आपल्याच माणसांशी बोलत आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. ‘लाल डगला रक्त लपवण्यासाठी होता’ या समजाची तपासणी तुम्ही कोणत्या पुराव्यांनी कराल?

२. शिलेदार आणि कंपूतला शिपाई यांच्या पोशाखातील फरकावरून त्यांच्या राज्याशी असलेल्या नात्याबद्दल काय सांगता येते?

३. खाकीच्या उदयाचे श्रेय केवळ धूरविरहित दारूला का देता येत नाही?

४. वेल्लोरच्या शिपायांनी डगला स्वीकारला, पण नवे शिरोवेष्टन नाकारले. आजच्या शाळा-महाविद्यालयांतील गणवेशाच्या चर्चेशी या घटनेचे साम्य कोणते आणि फरक कोणता?